आइसलँडमधला सपाट माथ्याचा डोंगर आणि बर्फाखालचा ज्वालामुखी, कुणी नीट समजावेल का?

भटका_पुणेकर:

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही चौघं आइसलँडला जाऊन आलो, पूर्ण रिंग रोड गाडीने. प्रवासवर्णन नंतर टाकतो, फोटो अजून निवडतोय (म्हणजे बायको निवडतेय, मी हो म्हणतोय). आत्ता फक्त एक शंका डोक्यात अडकलीय ती विचारून घेतो.

मीवात्न तळ्याकडून पूर्वेला एगिल्सस्तादिरला जाताना मध्ये एक ओसाड पठार लागतं, ना झाड ना गाव, आणि दक्षिणेला लांबवर एकच एक डोंगर दिसत राहतो. कडे सरळसोट, माथा सपाट, आणि त्या सपाटीच्या मधोमध एक छोटं टेंगूळ. मी गाडी बाजूला घेतली आणि तोंडातून पहिलं वाक्य आलं, अरे हा तर आपला गड आहे! वर बालेकिल्लासुद्धा आहे बघा. नाव हेर्दुब्रेइद (उच्चार चुकला असेल तर सांभाळून घ्या, त्या भाषेपुढे माझी जीभ पहिल्याच दिवशी थकली), उंची १६८२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तोडीचा.

मला वाटलं सोप्पं आहे, इकडे बेसॉल्ट तिकडे बेसॉल्ट, लाव्हाचे थरावर थर बसले, बाजूचं झिजून गेलं, मधलं उरलं. पण रात्री गेस्टहाउसच्या मालकीणबाईंना हे ऐकवलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या की हा डोंगर बर्फाच्या आत तयार झालाय, त्याच्या चहूबाजूंनी आणि सुरुवातीला डोक्यावरही जाडजूड हिमनदी होती. आता मला सांगा, बर्फाखाली ज्वालामुखी फुटला तर बर्फ त्याला विझवून टाकणार नाही का? आणि नाही विझवलं तर सगळा बर्फ वितळून मोकळा होणार नाही का? दोन्ही न होता मधलंच काहीतरी झालं आणि त्यातून टेबल तयार झालं हे काही पटत नाहीये.

आणखी एक, जिथे गाडी थांबवली तिथून एक दगड खिशात टाकून आणलाय. तपकिरी, हलका, हाताला खरखरीत, आत काळे ठिपके. बेसॉल्ट तर काळा असतो ना, मग हा तपकिरी का? आईने तो तुळशीच्या कुंडीत ठेवून दिलाय.


उंटावरचा_शहाणा:

पहिला मी!

मालकीणबाईंनी टुरिस्ट बघून गोष्ट सांगितली असणार. तुमचं मूळचं उत्तर बरोबर आहे. पाचगणीचं टेबल लँड बघा, सपाट. आडव्या थरांचा डोंगर झिजला की सपाटच दिसतो, त्याला बर्फबिर्फ लागत नाही. हिमनदी नंतर येऊन कडे तासून गेली असेल फार तर.


कातळकाकू:

उंटावरून उतरा आधी :) मालकीणबाई बरोबर आहेत. मी बरीच वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलंय, आता रिटायर आहे, त्यामुळे थोडं लांबण लावणार, चहा घेऊन बसा.

दिसायला सारखं असलं तरी आपला गड आणि तो डोंगर यांची गोष्ट बरोब्बर उलटी आहे. आपला सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेले लाव्हाचे आडवे थर, मैलोन् मैल, आणि नंतर नद्यांनी ते कापत नेले. पाचगणीच्या माथ्यावर तर जांभ्याचं झाकण आहे, ते टणक म्हणून खालचं टिकलं. म्हणजे आपला सपाट माथा हा मोठ्या पठाराचा उरलेला तुकडा, समोरच्या डोंगरावर बघा, तोच थर त्याच उंचीला सापडतो. हेर्दुब्रेइदच्या समोर असा भाऊबंद नाही. तो आहे तसा, त्या आकाराचाच तयार झाला, एकटा, एकाच ठिकाणी, एका साच्यात. साचा होता बर्फाचा आणि साचा नंतर वितळून गेला.

आता कसं ते सांगते. हिमयुगात अख्खं आइसलँड बर्फाखाली होतं, ठिकठिकाणी कित्येक शे मीटर जाड. आणि ते बेट बसलंय अमेरिकन आणि युरेशियन प्लेटच्या फटीवर, त्यामुळे खालून लाव्हा येणं काही बर्फ आहे म्हणून थांबत नाही. लाव्हा वर आला, बर्फाच्या बुडाशी पोचला, बर्फ वितळला, आणि बर्फाच्या आतच पाण्याने भरलेली एक गुहा झाली. आता लाव्हा पाण्यात यायला लागला. वरती पाचशे मीटर बर्फ म्हणजे त्याचं वजनच साधारण पंचेचाळीस वातावरणाइतकं दाब देतं, एवढ्या दाबाखाली पाण्याची वाफ फुगू शकत नाही, म्हणून स्फोट नाही होत. लाव्हा ट्यूबमधून टूथपेस्ट निघावी तसा निघतो, बाहेरून लगेच साल धरते, आत गरम राहतं, साल फुटते, पुढचा गोळा बाहेर येतो. अशा गोळ्यांचा ढीग, एकावर एक रचलेल्या उशा-लोडांसारखा. याला पिलो लाव्हा म्हणतात. डोंगराचा पाया हा.

ढीग वाढत वर आला, वरचा बर्फही वितळून पातळ झाला, तसा दाब कमी झाला. पाण्याची खोली शे-दोनशे मीटरच्या आत आली की मग मात्र वाफेला फुगायला वाव मिळतो आणि ठो! इथून पुढे लाव्हाच्या चिंध्या उडतात. तुमच्यापैकी कुणी घरी चिक्की केली असेल तर पाक झाला का बघायला आपण त्याचा थेंब गार पाण्यात टाकतो, तो कडक होऊन कट्कन तुटतो, साखरेचे दाणे परत धरायला त्याला वेळच मिळत नाही. लाव्हाचं तेच होतं. एरवी सावकाश थंड झाला तर त्यात खनिजांचे स्फटिक धरतात आणि आपला काळा पाषाण बनतो, इथे क्षणात गार झाला म्हणून काच. काळी, धारदार, चुरा झालेली काच. या काचेच्या चुऱ्याचा डोंगर पिलोंच्या वर साठत जातो.

ही काच फार नाजूक प्रकृतीची असते हां. गरम पाणी मिळालं की पाणी शोषते, लोह गंजतं, रंग पिवळट तपकिरी होतो आणि तेच तपकिरी द्रव्य कणाकणांना सिमेंटसारखं चिकटवून टाकतं. त्याला म्हणतात पॅलॅगोनाइट, सिसिलीतल्या पालागोनिया गावावरून नाव पडलंय. आइसलँडचे लोक या तपकिरी खडकाला मोबर्ग म्हणतात. भटक्या, तुझ्या आईच्या कुंडीत आहे तो बहुतेक मोबर्गच. काळे ठिपके म्हणजे अजून न बदललेली काच. (आणि दगड उचलून आणायचे नाहीत रे, संरक्षित भागातून तर मनाईच आहे. आता आणलायस तर जपून ठेव.)

हे सगळं व्हायला लाखो वर्षं लागत असतील असं आमच्या आधीच्या पिढीला वाटायचं. मग १९६३ ला आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून सुर्त्सी नावाचं बेट वर आलं, १९६७ पर्यंत उद्रेक चालला, आणि विझल्यावर दोन-तीन वर्षांतच तिथली सुटी काळी राख काही ठिकाणी तपकिरी टणक दगड झालेली सापडली. आतली उष्णता अजून निवलेली नव्हती म्हणून. तिथे १९७९ मध्ये भोक पाडून आतलं तपासलं सुद्धा.

राहिला सपाट माथा. उद्रेक चालूच राहिला तर डोंगर शेवटी बर्फातल्या त्या तळ्याच्या पाण्याबाहेर डोकं काढतो. आता लाव्हाला पाणी लागत नाही, तो हवाई बेटांवरच्यासारखा शांतपणे वाहतो, पसरतो, काठापर्यंत जातो, तिथे परत पाण्यात पडून त्याचा चुरा होतो, तो चुरा उतारावर घसरून साठतो, त्यावरून पुढचा लाव्हा आणखी थोडा पुढे जातो. नदीच्या मुखाशी गाळ साठून त्रिभुज प्रदेश पुढे सरकतो ना, तसंच, फक्त लाव्हाचं. म्हणून वरती पातळ पसरट थर आणि खाली तिरके चुऱ्याचे थर. टेंगूळ म्हणजे शेवटचं मुख, तो बालेकिल्ला. बर्फ गेला, डोंगर राहिला.

उद्रेक मधेच थांबला आणि पाण्याबाहेर आलाच नाही तर टेबल होत नाही, नुसता तपकिरी सुळका नाहीतर करवतीसारखी धार उरते. विमानतळावरून रेक्याविकला येताना उजव्या हाताला लांबवर एक चिमुकला शंकू दिसला असेल, केइलिर, तो तसला.


उंटावरचा_शहाणा:

काकू, उंटावरून अर्धा उतरलोय. पण एक विचारू? पिलो, काच, तिरके थर, हे सगळं साध्या तळ्यात किंवा समुद्रातही होईल की. तुम्हीच सुर्त्सीचं उदाहरण दिलंत, तिथे कुठे बर्फ होता? मग हेर्दुब्रेइदला बर्फच होता, तळं नव्हतं, हे कशावरून?


कातळकाकू:

हा खरा प्रश्न! वर्गात हा विचारणारा एखादाच निघायचा.

कोरडा लाव्हा आणि चुरा यांच्यामधली जी रेघ असते ना, ती म्हणजे त्या वेळची पाण्याची पातळी. दगडावर कोरलेली पूररेषाच समज. आता हेर्दुब्रेइदला ही रेघ आजूबाजूच्या सपाट जमिनीपासून कित्येक शे मीटर वर आहे. तळं म्हणतोस तर ठीक, मग एवढ्या उंच पाण्याला काठ कुठे होता? चारी बाजूंना ओसाड सपाटी आहे, भटक्याने फोटो टाकले की बघ. समुद्र म्हणशील तर तेवढ्या उंचीला समुद्राच्या खुणा मिळायला हव्यात, शंखशिंपले, वाळू, काही नाही. पाणी होतं पण भांडं नाही. भांडं जे होतं ते वितळून गेलं, असं एकच भांडं असतं.

शिवाय मोबर्गच्या थरांच्या मधेमधे हिमनदीने आणून टाकलेला गोटे-माती सरमिसळ गाळ सापडतो, घासल्याच्या ओरखड्यांसकट. हेल्गी प्येतुर्स नावाच्या आइसलँडिक भूशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते दाखवून दिलं होतं. पुढे आणखी एक युक्ती निघाली. काचेत अडकून राहिलेल्या पाण्याचं प्रमाण मोजायचं, जितका दाब जास्त तितकं जास्त पाणी काचेत विरघळून राहतं, म्हणजे काच थिजली तेव्हा डोक्यावर किती वजन होतं ते कळतं. त्यावरून बर्फ किती जाड होता याचा अंदाज काढतात. बर्फ जाऊन हजारो वर्षं झाली आणि त्याची जाडी दगडाला विचारायची, मला तर हे अजूनही भारी वाटतं.


रिटायर्ड_पाटबंधारे:

काकूंनी भूशास्त्र सांगितलं, मी हिशोब सांगतो. विझणार नाही का आणि सगळा वितळणार नाही का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आकड्यात आहेत.

एक घनमीटर बेसॉल्ट म्हणजे साधारण २७०० किलो. तो बाराशे अंशांवरून थंड होऊन दगड होईपर्यंत ठोकळमानाने ४५० कोटी ज्यूल उष्णता सोडतो. एक घनमीटर बर्फ वितळवायला लागतात साधारण ३० कोटी. भागाकार करा, एका वाट्याला चौदा-पंधरा वाटे. प्रत्यक्षात सगळी उष्णता बर्फापर्यंत पोचत नाही, पाणीही गरम होतं, पण तरी एका घनमीटर लाव्हामागे आठ-दहा घनमीटर बर्फ कुठे जात नाही. म्हणजे बर्फ लाव्हाला विझवत नाही. आणि हिमनदी शेकडो घन किलोमीटर असली तर लाव्हाही तिला संपवू शकत नाही, आपल्यापुरती विहीर खणून घेतो.

हे नुसतं कागदावर नाही, लोकांनी डोळ्यांदेखत बघितलंय. ३० सप्टेंबर १९९६ ला वात्नायोकुल या त्यांच्या सगळ्यात मोठ्या हिमनगरीच्या (शब्द माझा, चूक असेल तर दुरुस्त करा) पोटात सहाएक किलोमीटर लांबीच्या भेगेतून उद्रेक सुरू झाला. जागेचं नाव ग्याल्प. वरती बर्फ पाचशे ते साडेसातशे मीटर. पहिल्यांदा वर काय दिसलं तर काहीच नाही, नुसते खड्डे. बर्फाचं पाणी झालं की ते कमी जागा घेतं आणि वाहूनही जातं, वरचा बर्फ खाली खचतो, कढईसारखे खोलगट भाग पडतात. साधारण तीस तासांत उद्रेक बर्फ फोडून वर आला. दोन आठवड्यांत तीन घन किलोमीटर बर्फ वितळला. लाव्हा किती, तर अर्ध्या घन किलोमीटरपेक्षाही कमी. आता माझा वरचा भागाकार परत बघा.

आता ऐका मजा. मजा म्हणजे आमच्या खात्याच्या दृष्टीने. हे पाणी बाहेर आलंच नाही. ते बर्फाखालून शेजारच्या ग्रिम्सव्होत्न नावाच्या खळग्यात जाऊन साठत राहिलं, वर बर्फाचं झाकण, बाजूला बर्फाचा बांध. तिथल्या लोकांना माहीत होतं की हे येणार, कधी येणार एवढंच माहीत नव्हतं. उद्रेक १३ ऑक्टोबरला संपला, पाणी चढतंय, चढतंय, आणि ५ नोव्हेंबरला सकाळी पाण्याने बर्फाचा बांध उचलला. फोडला नाही, उचलला, बर्फ पाण्यावर तरंगतो ना. एकदा खालून फट मिळाली की गरम पाणी तीच फट वितळवत रुंद करत जातं. पंधराएक तासांत विसर्ग गेला सेकंदाला जवळजवळ पन्नास हजार घनमीटरवर. आपल्या भाषेत साडेसतरा लाख क्युसेक. कोयनेतून पन्नास हजार क्युसेक सोडले की आपल्याकडे टीव्हीवर पट्टी फिरते, त्याच्या पस्तीस पट. दोन दिवसांत गेलेलं एकूण पाणी तीन घन किलोमीटरच्या वर, म्हणजे ११० टीएमसीच्या आसपास. कोयना आहे १०५ टीएमसी. काठोकाठ भरलेली कोयना दोन दिवसांत रिकामी केली असं समजा, आणि सोबत घराएवढे बर्फाचे तुकडे.

एक पूल पूर्ण गेला, दुसरा स्केइदारा नदीवरचा ८८० मीटरचा पूल अर्धवट मोडला, रस्त्याचे कित्येक किलोमीटर धुपून गेले. माणूस एकही गेला नाही, कारण रस्ता आधीच बंद केला होता आणि त्या वाळवंटात कुणी राहत नाही. भटके, तुम्ही दक्षिणेच्या रस्त्यावर स्काफ्ताफेलजवळ लोखंडी गर्डर पिळवटून ठेवलेले बघितले असतील, ते याच पुलाचे. अशा पुराला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, योकुलहलाउप, आणि जगभरच्या जलशास्त्राच्या पुस्तकांत आता तोच शब्द वापरतात.

सगळीकडे नशीब असं नसतं. कोलंबियात नेवादो देल रुइझ, १३ नोव्हेंबर १९८५. तो बर्फाखालचा नव्हे, बर्फ माथ्यावर होता, आणि उद्रेकही लहानसाच. शिखरावरचा दहाएक टक्केच बर्फ वितळला, पण पाणी, राख आणि चिखल मिळून दऱ्यांतून खाली आला आणि रात्री आर्मेरो गाव गाडलं गेलं. तेवीस हजारांच्या आसपास माणसं. धोक्याचे नकाशे आधीच तयार होते, तरीही. नोकरीत असताना पूररेषेच्या फायली पाहिलेल्या माणसाला ते वाचून झोप लागत नाही.


व्हँकुवरची_मावशी:

काय सुंदर धागा! रिटायर्ड काका, हिमनगरी शब्द चुकला तरी राहू दे, छान आहे.

आमच्या इकडे ब्रिटिश कोलंबियात या डोंगरांना तुया म्हणतात आणि आता जगभर तेच नाव चाललंय. प्रांताच्या उत्तरेला तुया ब्यूट नावाचा असाच सपाट डोंगर आहे, बिल मॅथ्यूज नावाच्या कॅनेडियन भूशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये त्यावर पेपर लिहून हे सगळं बर्फामुळे झालं असं मांडलं. गंमत अशी की आइसलँडमध्ये गुद्मुन्दुर क्यार्तान्सोन याने १९४३ लाच साधारण हाच विचार मांडला होता, पण आइसलँडिकमध्ये. युद्धाचे दिवस, कोण वाचणार. मातृभाषेत लिहिणाऱ्यांनी फार मनाला लावून घेऊ नये :)

पण मला सांगायचंय ते वेगळं. इथे डोंगर बर्फाखाली नाही तर बर्फाला टेकून तयार झालेत, आणि ते आम्हाला वीकेंडला बघायला मिळतात. स्क्वामिशवरून व्हिस्लरला जाताना गॅरिबाल्डी लेकचा ट्रेक आहे (चढ आहे बरं का, पण तळं बघून सगळं विसरायला होतं, रंग अगदी मोरपिशी). ते तळं अडवून धरलंय एका लाव्हाच्या भिंतीने, द बॅरियर म्हणतात तिला. हिमयुगाच्या शेवटी शेवटी शेजारच्या डोंगरातून लाव्हा वाहत खाली आला आणि खालची दरी तेव्हा बर्फाने भरलेली होती, त्या बर्फाला थडकून लाव्हा थांबला, तिथेच जाड होत गेला, थिजला. मग बर्फ वितळला आणि उरला सरळ तुटलेला अडीच-तीनशे मीटरचा कडा, ज्याला कुणाचाच टेकू नाही. १८५५-५६ च्या सुमारास त्यातला मोठा भाग कोसळला. खाली गॅरिबाल्डी नावाची छोटी वस्ती होती, १९८० च्या सुमारास सरकारने धोका म्हणून ती रिकामी करायला लावली. ट्रेकच्या वाटेवर पाटी आहे, इथे थांबू नका. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा यजमान नेमके त्या पाटीशेजारीच बसून पोळीभाजी खायला लागले होते.

आणि खुद्द माउंट गॅरिबाल्डी तर अर्धा बर्फावरच बसलेला होता म्हणे, खालचा बर्फ गेला तशी पश्चिमेची बाजू घसरून गेली. फोटोत बघा, एका बाजूने चावा घेतल्यासारखा दिसतो.

भटका, हेर्दुब्रेइद चढायचा विचार असेल तर सावकाश. खालचा सगळा घसारा, वर कड्याचा कंगोरा, तिथले लोक पिढ्यान् पिढ्या चढता येत नाही असंच धरून बसले होते, १९०८ मध्ये पहिल्यांदा माथ्यावर माणूस पोचला. लिंगाण्याला लाजवेल असं नाही म्हणत, पण दगड फार सुटे आहेत असं ऐकलंय.


आठ_बावीसची_लोकल:

वाचनखूण साठवली. माझे दोन बाळबोध प्रश्न. एक म्हणजे २०१० ला त्या नाव न घेता येणाऱ्या ज्वालामुखीने युरोपातली विमानं बंद पाडली तेव्हा मी फ्रँकफर्टला एअरपोर्टच्या लादीवर चार रात्री काढल्यात, तो याच कुळातला का? आणि दोन, आपल्या मुंबईत पिलो लाव्हा आहे असं एकदा कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे मुंबईतही बर्फ होता की काय??


कातळकाकू:

चार रात्री! अरेरे. हो, याच कुळातला. एयाफ्यात्लायोकुल, घ्या मी घेतलं नाव. १४ एप्रिल २०१० ला शिखरावरच्या साधारण दोनशे मीटर बर्फाखालून उद्रेक झाला. मार्चमध्ये त्याच्याच कुशीत बर्फ नसलेल्या जागी लाव्हा वाहत होता आणि लोक त्यावर सॉसेज भाजायला जात होते, तेव्हा कुणाच्या विमानाला काही झालं नाही. एप्रिलमध्ये वितळलेलं पाणी आणि लाव्हा एकत्र आले, वर लाव्हाही चिकट आणि वायूने भरलेला होता, त्यातून राख अगदी मैद्यासारखी बारीक झाली आणि वारा नेमका युरोपाकडे. ही राख म्हणजे काचच, जेट इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि पात्यांवर थिजून बसते. म्हणून सहा दिवस आकाश बंद, लाखभर फ्लाइट रद्द. बर्फाचा वाटा मुख्यतः पहिल्या दिवसांतला हां, नंतर मुखाजवळ पाणी फारसं पोचत नव्हतं तरी राख येतच राहिली, तो त्या लाव्हाचाच गुण. खाली पूर आलाच, तिथल्या लोकांनी मार्करफ्ल्योत नदीवरचा पूल वाचवायला स्वतःच जेसीबी लावून शेजारचा रस्ता तोडला आणि पाण्याला वाट करून दिली. पाटबंधारे साहेबांना आवडेल हे.

मुंबईचं म्हणशील तर पिलो लाव्हा आहेत, खरंय. पण पिलो म्हणजे पाणी, एवढंच सिद्ध होतं, बर्फ नाही. दख्खनचे लाव्हा वाहिले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, जगाची हवा आजच्यापेक्षा गरम, बर्फाचा प्रश्नच नाही. मुंबईच्या भागात तेव्हा उथळ तळी, खाजणं असावीत, लाव्हांच्या मधल्या गाळाच्या थरांत वरळीला चक्क बेडकांचे जीवाश्म सापडलेत. तर त्या पाण्यात लाव्हा शिरला आणि उशा झाल्या. आपल्याकडे भांडं सापडतं, गाळासकट. तिकडे सापडत नाही. वर उंटावरच्याला सांगितलं तेच.

जाता येता अंधेरीला गिल्बर्ट हिल बघ, उभे खांब, साठेक मीटर उंच. तसे खांब आइसलँडलाही आहेत आणि बर्फाला टेकून थिजलेल्या लाव्हात ते बारीक आणि वेडेवाकडे, कधी पार आडवे होतात, कारण खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठाशी काटकोनात वाढतो. बर्फाची भिंत बाजूला असेल तर खांब आडवा. मावशी, तुमच्या तिकडे रस्ता फोडताना उघडे पडलेले असे आडवे खांब दिसतात, सरपणाच्या मोळीसारखे, पुढच्या वेळी बघा.


उंटावरचा_शहाणा:

पूर्ण उतरलो. उंट विकायला काढलाय.

एक शेवटचं. आता ग्लेशियर वितळतायत तर ज्वालामुखी शांत होतील की वाढतील? बर्फाचं झाकण गेलं म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी काढल्यासारखं होईल का?


कातळकाकू:

शिट्टीची उपमा अर्धी बरोबर. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी आइसलँडवरचं मोठं आवरण गेलं, त्यानंतरच्या काळात तिथे उद्रेकांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं दगडांत दिसतं. किलोमीटरभर बर्फाचं वजन उतरलं की खालच्या प्रावरणावरचा (म्हणजे कवचाखालच्या गरम खडकाच्या थरावरचा) दाब घटतो, आणि तिथला खडक आधीच वितळायच्या काठावर असतो, दाब कमी झाला की थोडा जास्त वितळतो. आजही वात्नायोकुलच्या आजूबाजूची जमीन वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर उचलली जातेय, जीपीएसवर मोजतात. पण शिट्टी काढली की लगेच वाफ येते, इथे मधे दहा-वीस किलोमीटर खडक आहे, लाव्हाला वर यायला वेळ लागतो. उद्या सकाळच्या बातम्यांत काही येणार नाही.


रिटायर्ड_पाटबंधारे:

पूल वाचवायला रस्ता तोडला हे वाचून बरं वाटलं काकू. आमच्याकडे असा निर्णय घ्यायचा तर फाइल चार टेबलं फिरली असती, तोवर पूल समुद्रात.


भटका_पुणेकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ते पिळवटलेले गर्डर आम्ही बघितले होते, मुलीने त्यावर चढून फोटोही काढलाय, मला वाटलं कुणीतरी आधुनिक शिल्प बिल्प केलंय.

काकू, दगडाबद्दल कान पकडतो. परत जाताना नेऊन ठेवायचं प्रॉमिस, म्हणजे परत जायला कारण मिळालं. काल रात्री कुंडीतून काढून धुतला आणि मुलीचं भिंग घेऊन बघितला. तपकिरी भागात खरंच छोटे छोटे काळे तुकडे आहेत, कोपरे टोकदार, टॉर्च मारला की चमकतात. एका तुकड्याभोवती पिवळी किनार दिसतेय, तिथे काच बदलायला सुरुवात झाली असं समजू का? फोटो मोबाइलने भिंगातून काढलाय, धूसर आहे, संध्याकाळी उन्हात परत काढून टाकतो. आई विचारतेय तिचा दगड कुठे गेला.